सागरतीरीची दोन अतिथिगृहे

प्रस्तुत स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहून द्यावा अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो हा की, इतिहास कोणत्या संस्थेचा? स्मरणिका खराडीची, तिचे वर्गणीदार आणि वाचक बहुतांशी या परिसरातील अतिथिगृहांच्या मुदपाकखान्यात, धुलाईखात्यात, स्वागतकक्षात किंवा हिशेबाच्या मेजावर आयुष्य वेचलेले अथवा अद्याप वेचीत असलेले, परंतु खुद्द खराडीतील अतिथिगृहांचे वय पाहू जाता त्यांच्या स्वतंत्र इतिहासास पुरेल एवढा काळ अजून लोटलेला नाही. १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट होईपर्यंत खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे, ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली नांदणारे गाव होते. गावात पाहुणा येई तो कोणाचा ना कोणाचा सोयरा असे, त्याची उतरण्याची व्यवस्था ज्याच्या त्याच्या ओसरीवर होई, आणि द्रव्य घेऊन परक्या माणसास निजावयास खाट व अंघोळीस ऊन पाणी देणे हा प्रतिष्ठेचा उद्योग होऊ शकतो, ही कल्पना येथील शेतकऱ्यास सांगितली असती तर तो सौजन्याने हसला असता. पुढे नगर रस्त्याच्या दुतर्फा संगणकउद्योगाच्या काचेच्या इमारती उठल्या, इऑन या संगणकउद्यानाचे आवार वसले, देशोदेशींचे अभियंते व अधिकारी येऊ लागले, आणि त्यांच्या मागोमाग रॅडिसन ब्लूसारखी अतिथिगृहे आली. या साऱ्या घडामोडीचे साक्षीदार आपणच असल्यामुळे तिचा इतिहास लिहिणे म्हणजे स्वतःच्या पंक्तीचे स्वतःच वाढप करण्यासारखे आहे. म्हणून मी या व्यवसायाच्या मूळपीठाकडे, मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाकडे वळलो आहे.

मात्र त्या एकाच संस्थेवर दृष्टी खिळवून न ठेवता तिच्या जोडीला मी आणखी एक घेतली आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरी काही दिवस सुखाने राहण्याचा योग मला निवृत्तीनंतर आला. माझा भाचा खराडीतल्या एका संगणककंपनीत असून कामानिमित्त नीसजवळच्या सोफिया अँटिपोलिस या उद्योगनगरात त्याची काही काळ नेमणूक झाली होती. त्याच्या आग्रहावरून मी गेलो, आणि त्याने समुद्राच्या अगदी समोर नव्हे, पण समुद्राचा वास खिडकीतून येईल इतक्या अंतरावरच्या एका मध्यम प्रतीच्या, परंतु अत्यंत नीटनेटक्या हॉटेलात माझी सोय केली. त्या शहराच्या किनाऱ्यावर नेग्रेस्को नावाचे जे विख्यात अतिथिगृह आहे, त्याच्या समोरून सायंकाळी फिरावयास जाताना मला वारंवार मुंबईची आठवण होई. घुमट दोन्हींना आहे, समुद्र दोन्हींच्या पुढ्यात आहे, ताज १९०३ चे आणि नेग्रेस्को १९१३ चे. परंतु या बाह्य साम्यापलीकडे दोन्ही संस्थांच्या प्राक्तनात जे विलक्षण सादृश्य आहे, ते मला पुढे वाचन करताना उमगत गेले.

आरंभ १८९६ पासून करणे योग्य होईल. मुंबईत त्या वेळी सर्वांत नामांकित अतिथिगृह म्हणजे काळ्या घोड्यापाशी असलेले वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजाने आणलेला होता, आणि तेथे उतरणाऱ्यांत युरोपियनांचाच भरणा असे. ७ जुलै १८९६ रोजी याच इमारतीत ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी हलत्या चित्रांचा खेळ लावला. हिंदुस्थानातील तो पहिला चित्रपटाचा खेळ. त्या दिवशीच्या सहा छोट्या चित्रांत आगगाडीचे आगमन आणि समुद्रस्नान हे दोन विषय होते. समुद्रस्नानाचे चित्रण ल्युमिएरांनी मार्सेलच्या पूर्वेस असलेल्या ला सिओता या किनाऱ्यावरच्या गावी केले होते, कारण त्यांच्या घराण्याची तेथे वसती होती. तेव्हा फ्रेंच समुद्रकिनाऱ्याचे पहिले दर्शन मुंबईस घडले ते एका हॉटेलातल्या पडद्यावर. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात सर्वांसाठी होऊ लागले, आणि ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला व १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले, हा भाग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत ग्रंथिक संनिपाताची साथ आली, लोक घरेदारे टाकून पळाले, व्यापार बसला, आणि या शहरास आता काही भवितव्य उरले आहे की नाही, अशी शंका भल्याभल्यांच्या मनात आली.

ही पार्श्वभूमी ध्यानात न घेता ताजमहालाच्या स्थापनेची जी कथा घरोघर सांगितली जाते, ती अशी, की जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारावरून हिंदी म्हणून परत पाठविण्यात आले व त्या अपमानाच्या उद्वेगातून त्यांनी त्याहून भव्य हॉटेल बांधण्याची प्रतिज्ञा केली. कथा चटकदार आहे, आणि गोऱ्यांच्या दारावरचा तो भेद खोटा होता असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या विशिष्ट प्रसंगास समकालीन दाखला सापडत नाही असे ताजच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात, आणि मला व्यक्तिशः ही कथा जमशेटजींच्या योग्यतेस उणेपणा आणणारी वाटते. ज्या पुरुषाने नागपुरास कापडाची गिरणी काढली, पोलादाच्या कारखान्याची व विज्ञानसंस्थेची योजना मनात वागविली, त्याने रागाच्या भरात इमारत उठविली असे म्हणणे म्हणजे त्याच्या दूरदृष्टीला तात्कालिक क्षोभाचे रूप देणे होय. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी मुंबईस साजेसे हॉटेल हवे असा आग्रह त्यांच्यापाशी धरला होता, ही हकीकत अधिक विश्वसनीय आहे. आणि प्लेगने खचलेल्या शहराविषयी जगाचा विश्वास परत यावा, हा हेतू तर त्या काळाकडे पाहताच दिसतो. १८९८ साली अपोलो बंदरालगतच्या भरावाच्या जमिनीचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा झाला. घरी ही वार्ता कळली तेव्हा जमशेटजींच्या भगिनीने, विज्ञानसंस्था आणि पोलादाचा कारखाना काढणारा आपला भाऊ आता भटारखाना घालणार काय, असा प्रश्न विचारल्याचे सांगतात. आमच्या व्यवसायाकडे पाहण्याची प्रतिष्ठित घराण्यांची दृष्टी काय होती, हे या एका प्रश्नात जसे उमटले आहे तसे कोणत्याही अहवालात उमटलेले मला आढळले नाही.

अपमानाचा विषय निघालाच आहे तर फ्रेंच किनाऱ्यावरची त्याच सुमाराची एक घटना येथे नमूद करतो. १८९७ च्या वसंत ऋतूत महाराणी व्हिक्टोरिया नीसच्या उंचावरील सिमिए भागात नव्यानेच बांधलेल्या एक्सेल्सियर रेजिना या हॉटेलात मुक्कामास जाणार होत्या. त्यांच्या परिवारात हिंदुस्थानातून आलेले मुनशी अब्दुल करीम होते. मुनशींना बरोबर नेल्यास आम्हांस त्यांच्यासह भोजनास बसावे लागेल, ते आम्ही करणार नाही, प्रसंगी राजीनामे देऊ, असा पवित्रा राणीच्या दरबारी मंडळींनी घेतला. राणी संतापल्या, मुनशी बरोबर गेले. मुंबईतल्या दारावर काय घडले वा घडले नाही याचा वाद चालू राहील, परंतु हिंदी माणसाच्या पंक्तीचा तंटा राजवाड्यातून निघून थेट फ्रान्सच्या समुद्रकाठच्या हॉटेलापर्यंत गेला होता, याविषयी मात्र संशय नाही.

ताजच्या इमारतीचे आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केले. वैद्य हे बोरीबंदरच्या भव्य स्थानकाच्या बांधकामात स्थापत्यविशारद स्टीव्हन्स यांचे साहाय्यक होते. आपल्या लोकांस त्या स्थानकाचे कर्तृत्व स्टीव्हन्सच्या नावे ठाऊक असते आणि ताजचे टाटांच्या नावे; या दोहोंमध्ये ज्याचा हात लागला तो मराठी अभियंता मात्र अभ्यासकांच्या टिपणांतच राहिला, याची खंत वाटते. काम चालू असतानाच वैद्यांना हिवतापाने मृत्यू आला, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते पुरे केले. मक्तेदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी. मध्यभागी आधारावाचून अधांतरी चढत जातो असा भास देणारा जो प्रसिद्ध जिना आहे, त्याची कल्पना त्यांची. मेजवान्यांच्या दालनाचा भार तोलणारे लोखंडी खांब जमशेटजींनी पॅरिसहून आणविले, विजेची यंत्रे आणि उद्वाहक जर्मनीतून, पंखे अमेरिकेतून. मालकाने जगभर हिंडून प्रत्येक वस्तू स्वतः पारखून घ्यावी, असा हा शिरस्ता होता.

येथेही लोककथा आडवी येतेच. हॉटेलाचे मुख आरंभी समुद्राकडे नसून शहराकडे होते. त्यावरून अशी वदंता पसरली की, आराखडा उलटा बांधला गेला आणि ते पाहून वास्तुविशारदाने घुमटावरून उडी घेतली. वस्तुस्थिती अगदी साधी आहे. त्या काळी पाहुणे घोडागाडीने शहराच्या बाजूने येत. गाड्या उभ्या राहण्यास व सामान उतरविण्यास तिकडेच मोकळी जागा होती. शिवाय समुद्राकडची बाजू प्रवेशासाठी न दवडता खोल्यांसाठी राखणे हा कोणत्याही चतुर मालकाचा हिशेब आहे, कारण समुद्राकडच्या खोलीचे भाडे अधिक येते. एक वास्तुविशारद तापाने वारला, दुसऱ्याने काम शेवटास नेले, आणि उडी कोणीही घेतली नाही. समोरचा गेटवे ऑफ इंडिया तर पुढे कित्येक वर्षांनी, १९२४ मध्ये पुरा झाला. तोवर ताजचा घुमट हीच बंदरात शिरणाऱ्या जहाजांची खूण होती.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. घुमट अपुरा होता, काही भागांत कारागीर अजून काम करीत होते, आणि पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे सतरा. पंखा व संलग्न स्नानगृह असलेल्या खोलीस १३ रुपये, भोजनासह २० रुपये असा दर होता. पाहुण्यांच्या संख्येपेक्षा मला त्या संलग्न स्नानगृहाचे महत्त्व अधिक वाटते. मोठ्या राजेरजवाड्यांच्या कोठ्यांतही त्या काळी अंघोळीचे पाणी भिश्ती आणून ओतीत. प्रत्येक पाहुण्यास स्वतःचे स्नानगृह देणे याचा अर्थ इमारतीच्या पोटात नळांचे जाळे घालणे, पाणी वर चढविणे, सांडपाण्याचा निचरा करणे आणि हे सारे पाहुण्याच्या दृष्टीस वा नाकास न जाणवू देणे. विजेचे दिवे तर सारी मुंबई पाहावयास येई. धुलाई, टपाल, औषधालय, तुर्की हमाम आणि निवासी वैद्य एवढा पसारा एका छपराखाली होता. हा कारभार पाहण्यासाठी इंडियन हॉटेल्स कंपनी १९०२ मध्येच स्थापन झाली होती. परंतु संस्थापकास आपली निर्मिती भरभराटीस आलेली पाहण्याचे भाग्य लाभले नाही; उद्घाटनानंतर सहा महिन्यांच्या आत, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे देहावसान झाले.

आता नीसकडे वळतो. तेथील किनाऱ्यावरचा प्रख्यात रस्ता प्रोमनाद दे झांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फेरफटका, हा १८२० च्या सुमारास एका कडक हिवाळ्यात बेकार झालेल्या गरिबांना काम मिळावे म्हणून तेथे राहणाऱ्या इंग्रज मंडळींनी वर्गणीतून बांधविला. आपल्याकडे दुष्काळी कामांतून रस्ते व तलाव झाले त्याच जातीची ही गोष्ट, आणि जगातल्या श्रीमंतांच्या सहलीचा रस्ता अशा कामातून निघावा हे पाहून मला मौज वाटली. १८६० साली नीस फ्रान्सकडे आले, १८६४ मध्ये रेल्वे पोहोचली, आणि उत्तर युरोपातील धनिक थंडी चुकविण्यासाठी तेथे महिनोन्महिने मुक्काम ठोकू लागले. म्हणजे त्या शहराचा हंगाम हिवाळ्याचा होता, उन्हाळ्यात समुद्रात डुंबण्याची रीत फार मागाहूनची.

याच किनाऱ्याने आमच्या व्यवसायास त्याचा थोर आचार्य दिला. ऑग्युस्त एस्कॉफिए यांचा जन्म १८४६ साली नीसजवळच्या विलनव्ह-लुबे या खेड्यात झाला. तेराव्या वर्षी ते नीसमध्ये चुलत्याच्या खाणावळीत उमेदवारीस लागले, आणि पुढे सेझार रिट्झ यांच्या जोडीने माँटे कार्लो, लंडन व पॅरिस येथे त्यांनी हॉटेलाच्या स्वयंपाकघराची फेरमांडणी केली. एकाने रस्सा पाहावा, दुसऱ्याने मासळी, तिसऱ्याने भाजणी, चौथ्याने मिष्टान्न, आणि सर्वांवर एका मुख्य आचाऱ्याची मुखत्यारी असावी, ही आज खराडीतल्या हॉटेलातही चालणारी वाटणी त्यांनी सुघटित केली. ताजमध्ये पूर्वी खाद्यपदार्थांची यादी फ्रेंच धर्तीची असे आणि ती प्रत्यक्षात उतरविणारे हात बहुतांशी गोव्याचे असत. त्या परंपरेतील मिगेल आर्कांजो मस्करेन्हस, ज्यांना सारे मास्सी म्हणून ओळखीत, यांचे नाव मुंबईच्या पाकशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतले जाते. व्हर्सायचा रस्सा गोव्यातील सासष्टीच्या पोराने शिजवावा आणि तो बडोद्याच्या वा ग्वाल्हेरच्या पाहुण्यास वाढला जावा, हे त्या काळच्या मुंबईचे खरे वैभव होते असे मी समजतो.

नेग्रेस्कोची स्थापना हेन्री नेग्रेस्को या बुखारेस्टच्या भटाऱ्याच्या मुलाने केली. नीसच्या जुगारगृहाचा व्यवस्थापक म्हणून त्याने नाव मिळविले होते. मोटारींचे कारखानदार दाराक यांनी भांडवल पुरविले, पॅरिसच्या नाट्यगृहांच्या इमारतींसाठी प्रसिद्ध असलेले निएरमान्स हे वास्तुविशारद लाभले, आणि १९१३ साली ते वाजतगाजत उघडले. त्याच्या दरबारी दालनात बाकाराच्या कारखान्याचे प्रचंड झुंबर आहे. रशियाच्या झारने ते मागविले होते, परंतु क्रांतीमुळे त्याच्यापर्यंत पोहोचू शकले नाही, असे तेथे सांगतात. दालनाच्या काचेच्या घुमटाशी आयफेलचे नावही जोडतात. प्रत्येक मोठ्या हॉटेलास एक झार, एक आयफेल आणि एक अपमान लागतो, असा माझा आता समज होऊ लागला आहे. पाहुण्यास खोलीबरोबर एक कथाही हवी असते आणि स्वागतकक्षातले आपण सारेजण ती पुरवीत असतो.

मी ज्या हॉटेलात उतरलो होतो तेथे झुंबर नव्हते. परंतु सवयीने माझे लक्ष गेले ते चादरींकडे. इस्त्रीची घडी कोठे मोडते, उशीच्या अभ्र्याची शिवण कोणत्या बाजूस आहे, टॉवेल किती धुलाया झालेला आहे, हे पाहिल्यावाचून मला झोप येत नाही. आपल्या नव्या मंडळींस ठाऊक असेल की प्रत्येक खाटेमागे चादरींचे निदान तीन संच लागतात: एक खाटेवर, एक धोब्याकडे, एक कपाटात, आणि जेथे धुलाई बाहेर जाते तेथे चार वा पाच. तीनशे खाटांच्या हॉटेलात हा आकडा कोठवर जातो आणि त्यात दरमहा किती फाटते, हरवते, डागाळते याचा ज्याने हिशेब ठेवला आहे, त्याला आराम या वस्तूची घडण कशी असते ते कळते. सकाळी मी फिरून येईतो खोली पुन्हा नव्यासारखी होत असे, आणि ती करणारी बाई कॉरिडॉरमध्ये दिसली तर किंचित मान लववून भिंतीकडे सरे. ती उत्तर आफ्रिकेतून आलेली होती असे तिच्याशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये झालेल्या भाषणावरून कळले. नीसच्या मोठ्या हॉटेलांच्या इतिहासग्रंथांत राजे, नट व नर्तकी यांची नावे आहेत. तिच्यासारख्यांची नावे पगारपत्रकात होती, आणि पगारपत्रके मुदत संपली की जाळली जातात.

१९१४ च्या महायुद्धाने दोन्ही संस्थांस एकाच तऱ्हेचा आघात केला. ताजचे ६०० खाटांचे रुग्णालय झाले. नेग्रेस्कोतही जखमी सैनिक आले. ताज त्यातून सावरले, कारण त्यामागे एक घराणे व एक कंपनी उभी होती. नेग्रेस्को मात्र युद्धानंतर आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त झाला, हॉटेल एका बेल्जियन कंपनीकडे गेले, आणि १९२० साली वयाच्या बावन्नाव्या वर्षी संस्थापक पॅरिसमध्ये वारला. त्याचे नाव तेवढे घुमटाखाली राहिले.

समुद्रमार्गाने येणाऱ्या पाहुण्यांवर उभे असलेले हे व्यवसाय पुढे विमानाने बदलले, आणि येथे फ्रेंच किनाऱ्याचा ताजशी पुन्हा एकदा संबंध येतो. जमशेटजींचे नातलग व भागीदार रतनजी दादाभॉय टाटा यांच्या पत्नी सुझान फ्रेंच होत्या. त्यांचे पुत्र जहांगीर, म्हणजे जे. आर. डी., यांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो येथे या कुटुंबाचे सुटीतील घर होते, आणि त्यांच्या शेजारी राहत असे लुई ब्लेरिओ, ज्याने १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडली. त्या वाळूवर उतरणारी विमाने पाहून मुलाच्या मनाने जी ओढ घेतली, तिची परिणती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईपर्यंत टपाल उडवीत आणण्यात झाली. हॉटेलाच्या दृष्टीने या घटनेचा परिणाम पुढील चाळीस वर्षांत दिसून आला: बोटीचा प्रवासी पेट्यांचे ढीग घेऊन येई आणि आठवडाभर राही, विमानाचा प्रवासी हातपिशवी घेऊन येतो आणि दोन रात्रींत जातो, त्याला अवाढव्य खोली नको, परंतु मध्यरात्री कॉफी हवी. १९७३ च्या सुमारास जुन्या वास्तूशेजारी जो उंच मनोरा उभा राहिला, तो या नव्या पाहुण्यासाठी. मनोऱ्याच्या सौंदर्याविषयी मी काही बोलत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीविषयी स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने काही सांगावे असे नाही. ताजमध्ये ३१ जण प्राणास मुकले, आणि त्यांत पाहुण्यांना मागल्या वाटांनी बाहेर काढताना पडलेले आपल्या व्यवसायातले लोक होते. स्वयंपाकघराच्या मागचे जिने, मालाची उद्वाहने, सेवकांच्या वाटा यांचे ज्ञान त्या रात्री उपयोगी आले. मनोरा २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा उघडला, जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी. पुढे १४ जुलै २०१६ च्या रात्री नीसच्या त्याच फेरफटक्याच्या रस्त्यावर एका ट्रकने ८६ माणसे चिरडली, आणि नेग्रेस्कोच्या दिवाणखान्यात जखमींवर उपचार झाले. दोन्ही ठिकाणी शतकापूर्वी रुग्णालय झालेल्या इमारतीत पुन्हा जखमी आले, याची नोंद घेणे इतिहासकाराचे काम आहे. त्यावर भाष्य करण्याचे मला धैर्य नाही.

मालकीच्या बाबतीतही दोन्ही संस्थांची शेवटची पाने जुळतात. नेग्रेस्को १९५७ साली ओजिए कुटुंबाकडे आले. त्या घरच्या जान ओजिए यांनी ते दीर्घकाळ सांभाळले, गालिचे व चित्रांनी भरून टाकले, धनाढ्यांच्या मागण्या नाकारल्या, आणि वारस नसल्यामुळे आपल्या पश्चात त्याचे उत्पन्न निराधार, अपंग आणि प्राणी यांच्या साहाय्यास लागावे म्हणून एक निधी स्थापन केला. २०१९ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या निवर्तल्या. ताजची मूळ कंपनी टाटा सन्स हिच्या भागांपैकी सुमारे दोन-तृतीयांश टाटा घराण्याच्या धर्मादाय न्यासांकडे आहेत. भटारखाना म्हणून नाक मुरडले गेलेला उद्योग अखेर धर्मादाय कार्यास लागावा, हे जमशेटजींच्या भगिनीस कळले असते तर कदाचित समाधान वाटले असते.

पुण्याकडे या परंपरेची एक शाखा किर्लोस्कर समूहाच्या पुढाकाराने आली. कारखान्यांसाठी येणाऱ्या परदेशी अभियंत्यांची व व्यापाऱ्यांची शहरात सोय नाही, हे जाणून कोरेगाव पार्कात ब्लू डायमंड हॉटेल उभे राहिले, आणि पुढे त्याचा कारभार ताजच्या कंपनीकडे गेला. पानशेतचा पूर पाहिलेल्या पुणेकरांस तारांकित हॉटेल म्हणजे काय हे याच इमारतीने शिकविले. खराडीहून शहराकडे जाताना विमाननगरपाशी नगर रस्त्यावर नोव्होटेल लागते. त्याची मूळ कंपनी फ्रेंच. पॉल द्युब्रुल आणि जेरार पेलिसाँ यांनी तिचे पहिले हॉटेल १९६७ मध्ये काढले ते नीसला वा कानला नव्हे, तर उत्तरेकडील लील या उद्योगनगराबाहेर, विमानतळ व महामार्ग यांच्या लगत. समुद्र नसलेल्या ठिकाणी, कामानिमित्त आलेल्या माणसास एकसारखी, स्वच्छ, माफक खोली द्यावी, ही त्यांची कल्पना होती. खराडीचे सारे हॉटेलविश्व याच कल्पनेवर चालले आहे. येथे कोणी हिवाळा घालवावयास येत नाही.

हा लेख लिहिताना ताज आणि नेग्रेस्को यांविषयी छापील साहित्याचा तुटवडा मला भासला नाही. तुटवडा भासला तो खराडीविषयी. पुढील स्मरणिकेसाठी ज्या सभासदांजवळ आपापल्या हॉटेलांच्या उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका, पहिल्या वर्षीच्या दरपत्रकाच्या प्रती, जुने हजेरीपट, भांडारखात्याच्या वह्या अथवा स्वयंपाकघरातील मंडळींची सामूहिक छायाचित्रे असतील, त्यांनी त्यांच्या प्रती संपादक मंडळाकडे द्याव्यात. छायाचित्रांच्या मागे नावे व साल पेन्सिलीने लिहावे, शाई उमटते.